जपानींतील भारदस्त शब्द आणि आपली मराठी

(एक माजी विद्यार्थी)

महाप्याच्या पूर्वेस जो डोंगर आपण लहानपणापासून पाहत आलों आहों, त्या पारसिकच्या रांगेच्या पोटांतून आतां आगगाडीची वाट गेली आहे. मुंबईहून अहमदाबादेस जाणाऱ्या ५०८ किलोमीटर लांबीच्या द्रुतगति रेल्वेसाठीं वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरांचा बोगदा योजिलेला आहे. त्यांतील ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. आणि घणसोली ते शिळफाटा हा सुमारें ५ किलोमीटरांचा डोंगरांतील तुकडा सुरुंग लावून खोदण्यांत येऊन सप्टेंबर २०२५ मध्यें आरपार झाला. या रेल्वेची पद्धति जपानी आहे, तिच्या खर्चाचा मोठा भाग जपानकडून कर्जरूपानें मिळाला आहे, आणि जपानी लोक तिला 'शिन्कान्सेन्' म्हणतात.

हें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलें आहे. अर्थ मात्र फार थोड्यांनीं विचारला असेल. 'शिन्' म्हणजे नवा, 'कान्' म्हणजे झाडाचें खोड, 'सेन्' म्हणजे रेषा. नवी खोडासारखी मुख्य रेषा, अर्थात् नवा मुख्य लोहमार्ग. आतां हे तीन तुकडे हातांत घेऊन पुढें चला. 'शिन्' घेऊन 'शिन्नेन्' झालें, तें नवें वर्ष. 'शिम्बुन्' झालें, तें नवें ऐकलेलें, म्हणजे वर्तमानपत्र. 'कान्' घेऊन 'काम्बु' झालें, तो संस्थेचा खोडासारखा भाग, म्हणजे तिचे प्रमुख अधिकारी. 'सेन्' घेऊन 'चोकुसेन्' झालें, ती सरळ रेषा. 'देन्सेन्' झालें, ती विजेची तार. त्या तारेंतून 'देन्' म्हणजे वीज हातीं लागली, कीं 'देन्शा' ही विजेची गाडी आणि 'देन्वा' हें विजेचें बोलणें, म्हणजे आपला दूरध्वनि, हीं दोन्ही उलगडतात. एका शब्दापासून निघालों होतों, आणि चार पावलांत आठ झाले.

विद्यार्थिमित्रांनो, या लेखांत तुम्हांस जपानी शिकविण्याचा माझा हेतु नाहीं; तें एका लेखानें होणारेंही नाहीं. प्रस्तुत लेखकानें ही भाषा कांहीं वर्षें शिकून पुढें तिच्यावरच आपला चरितार्थ चालविला आहे. महाप्याच्या औद्योगिक वसाहतींत गणकयंत्रांच्या कामाच्या पुष्कळ कचेऱ्या आहेत. जपानी गिऱ्हाईक व हिंदी कारागीर यांच्या मधोमध उभें राहून दोघांचें म्हणणें दोघांस पटवून देणाऱ्या माणसास या धंद्यांत 'ब्रिज एंजिनिअर' म्हणतात. तो खरोखर पूलच असतो, आणि पुलावरून दोन्ही बाजूंची माणसें चालतात हेंही त्यास ठाऊक असतें! या कामाच्या आशेनें जपानी शिकूं पाहणारीं मुलें व त्यांचे पालक मला वरचेवर भेटतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो. मुलाचा आरंभ तर उत्तम झाला होता, मग भाषा अर्ध्यावर कां सुटली? त्या प्रश्नास मला जें उत्तर सुचतें, तेवढेंच येथें मांडतों.

जपानी भाषेची जी प्रावीण्यपरीक्षा १९८४ पासून घेतली जाते, तिच्या २०१० पासून पांच पायऱ्या झाल्या आहेत. पांचवी सर्वांत खालची, पहिली सर्वांत वरची. आपल्याकडे ती वर्षांतून दोनदां, जुलै व डिसेंबर महिन्यांत होते. पांचवी व चौथी पायरी होतकरू मुलें हंसतखेळत चढून जातात. कारण तेथील शब्द घर, शाळा, पाऊस, भाजी, काल आणि उद्यां असे असतात. तिसरीवर पाय अडखळतो. दुसरीच्या दाराशीं येऊन पुष्कळ जण परत फिरतात. तेथें घरगुती भाषा एकाएकीं संपते, आणि वर्तमानपत्रांची, करारपत्रांची, न्यायालयाची व सभेंतील भाषणांची भाषा सुरू होते. जुन्या पद्धतींत सर्वांत वरच्या परीक्षेस सुमारें १०,००० शब्द व २,००० कान्जि, म्हणजे चिनी पद्धतीचीं अक्षरें, यावींत अशी अपेक्षा सांगितलेली असे. हा आंकडा ऐकून मुलें याद्या करतात आणि रात्रीं बसून त्या घोकतात. पन्नास शब्द रात्रीं पाठ होतात, सकाळीं त्यांतले वीस उरतात, आणि आठवड्यानें त्या विसांतले कोणते कोणत्या अर्थाचे याचा घोटाळा होतो. चूक मुलांच्या बुद्धीची नाहीं. जी गोष्ट त्यांच्या घरींच आहे ती त्यांस कोणी दाखविलेली नसते.

आपण तहान लागली असतां 'पाणी द्या' असें म्हणतों. 'जल द्या' असें कोणी म्हटलें तर लोक त्याच्या तोंडाकडे पाहतील. परंतु पाणी स्वच्छ करण्याच्या कारखान्यावर 'जलशुद्धीकरण केंद्र' अशीच पाटी असते. जलाशय, जलमार्ग, जलविद्युत्, जलसंधारण. शब्द जोडावयाचा आला कीं पाणी मागें सरतें व जल पुढें येतें. हें आपणांस कोणी शिकविलें नाहीं, कानांनींच कळलें. जपानींत हुबेहूब हाच प्रकार आहे. एकट्या पाण्यास 'मिझु' म्हणतात. जोडशब्दांत त्याचें 'सुइ' होतें. 'सुइदोऽ' म्हणजे पाण्याची वाट, अर्थात् नळाचें पाणी. (दीर्घ उच्चार दाखविण्यासाठीं मीं येथें अवग्रह वापरला आहे, त्याचें कारण पुढें येईल.) 'सुइएइ' म्हणजे पोहणें. 'सुइर्योकु' म्हणजे पाण्याचें बळ, आणि त्यापुढें वीज निर्माण करण्याचा शब्द जोडून 'सुइर्योकु हात्सुदेन्' झालें, कीं आपली जलविद्युत्‌निर्मिति तयार. 'सेस्सुइ' म्हणजे पाण्याची काटकसर. 'दान्सुइ' म्हणजे पाणी तोडणें, नळ बंद असणें. हा शेवटचा शब्द नवी मुंबईच्या मुलांस मला कधीं दोनदां सांगावा लागला नाहीं.

भेद आहे तो लिहिण्यांत. 'मिझु' काय आणि 'सुइ' काय, दोहोंसाठीं अक्षर एकच. आपण कागदावर 'जल' असें लिहावें आणि प्रसंग पाहून तें कधीं 'जल' तर कधीं 'पाणी' असें वाचावें, तसें हें आहे. नवशिक्यास ही शिक्षा वाटते. पुढें पुढें तीच सोय होते, कारण न ऐकलेला शब्दही डोळ्यांना अर्धा कळलेला असतो.

चिनी मुळापासून आलेल्या शब्दांस जपानी लोक 'कान्गो' म्हणतात, घरच्यांस 'वागो', आणि पाश्चात्त्यांकडून घेतलेल्यांस 'गाइराइगो'. आपले तत्सम शब्द, तद्भव व देशी शब्द, आणि इंग्रजी शब्द यांची आठवण सहज व्हावी. प्रवाशानें उतरावयाच्या जागेस 'यादो' म्हटलें तर ती जुनी साधी जागा, 'र्योकान्' म्हटलें तर जपानी थाटाची नीटनेटकी पांथशाळा, 'होतेरु' म्हटलें तर हॉटेल. आपल्याकडे भात पानांत वाढतात, अन्न श्लोकांत म्हणतात आणि राइस हॉटेलांत मागवितात. त्यांच्याकडेही वाडग्यांतला तो 'गोहान्' आणि ताटलींतला तो 'राइसु'. तेथील राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेनें १९५६ सालच्या नव्वद मासिकांतील शब्दांची मोजदाद केली, तेव्हां निरनिराळ्या शब्दांपैकीं जवळजवळ निम्मे कान्गो निघाले. भारदस्त जपानी म्हणून ज्याचा बाऊ वाटतो, तें मुख्यतः हेंच. ज्या मुलानें शाळेंत संस्कृताचे समास सोडविले आहेत, त्याच्या हातांत या कुलपाची किल्ली अगोदरच आहे.

किल्ली आहे म्हणून प्रत्येक दार उघडेलच असें मात्र समजूं नये. 'बेन्क्योऽ' या शब्दांतील अक्षरांचा अर्थ नेट लावणें व बळ असा आहे. जपानींत त्याचा अर्थ अभ्यास. चिनींत तोच शब्द मनाविरुद्ध करावयास लावणें या अर्थीं चालतो. अभ्यास आणि जबरदस्ती हीं एकाच शब्दाचीं दोन रूपें आहेत हें ऐकून आमच्या वर्गांतील मुलें फार खूष झालीं होतीं. पण आपल्या 'शिक्षा' शब्दाचें काय झालें आहे पाहा. हिंदींत ती विद्यालयांत मिळते, मराठींत ती चुकल्यावर मिळते. शब्द फोडून अर्थाचा अंदाज बांधावा, आणि मग कोश उघडून तो तपासावा. अंदाजावर कोणी सही करूं नये.

दुसरा खड्डा उच्चारांचा. चिनी शब्द जपानींत आले तेव्हां त्यांतील स्वरांचे चढउतार गळाले, आणि शेंकडों शब्द एकसारखे ऐकूं येऊं लागले. 'किशा' म्हणजे वार्ताहर, 'किशा' म्हणजे वाफेची आगगाडी, 'किशा' म्हणजे आपली (पत्र ज्यास लिहीत आहों त्याची) कंपनी, आणि 'किशा' म्हणजे कचेरींत परत येणें. या चारांचें मिळून 'आपल्या कंपनीचा वार्ताहर आगगाडीनें कचेरींत परतला' असें वाक्य जपानी मुलें गमतीनें म्हणतात. ऱ्हस्वदीर्घाचा घोटाळा तर याहून वाईट. 'कोशोऽ' म्हणजे यंत्राचा बिघाड, 'कोऽशोऽ' म्हणजे वाटाघाट. आपल्या लिपींत ओकाराचा ऱ्हस्व नाहीं, म्हणून मराठी कानास हे दोन शब्द एकच वाटतात, आणि म्हणूनच मला वर अवग्रहाचा आश्रय करावा लागला. बोलणीं चालूं आहेत असें सांगण्याच्या ऐवजीं यंत्र बिघडलें आहे असें सांगितलें गेलें, तर पलीकडील माणूस वाटाघाट सोडून दुरुस्तीस माणूस पाठवील! म्हणून नवा शब्द डोळ्यांनीं पाहून न थांबतां तो मोठ्यानें, मात्रा मोजून म्हणावा. ज्यांनीं लहानपणीं आर्या व श्लोक मात्रांसह म्हटले आहेत त्यांस हें अवघड जाऊं नये.

येथें थोडें विषयांतर करतों, कारण ही गोष्ट मला फार आवडते. जपानी वर्णमालेंत स्वर येतात ते अ, इ, उ, ए, ओ या क्रमानें. त्यांपुढें व्यंजनें क, स, त, न, ह, म, य, र, व. हें एकदां मोठ्यानें म्हणून पाहा. कंठ्य प्रथम, च-वर्गाच्या जागीं स, मग दंत्य, मग ओष्ठ्य, आणि शेवटीं य, र, व. ही आपलीच बाराखडीची वाट आहे. मध्येंच ह कसा आला, असें कोणी विचारील. प्राचीन जपानींत त्याचा उच्चार प होता, म्हणजे तो आपल्या ओष्ठ्य जागेवरच बसला आहे. बौद्ध भिक्षु संस्कृत मंत्रांसाठीं सिद्धम् लिपीचा अभ्यास करीत, त्याचा हा ठसा. कुकाइ नांवाचा भिक्षु ८०४ सालीं चीनला गेला, तेथें ही विद्या शिकला, आणि परत येऊन त्यानें कोयासान् या पर्वतावर मठ वसविला. त्याच कोयासानच्या विद्यापीठांत २०१५ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसविण्यांत आला. वाट जुनी आहे, तिच्यावरची वर्दळ तेवढी अधूनमधून थांबते.

त्या वाटेनें कांहीं शब्दही गेले. क्षणाचें 'सेत्सुना' झालें, नरकाचें 'नाराकु' झालें, आणि काबुकी नाटकांत रंगभूमीच्या खालच्या तळघरासही नाराकुच म्हणतात. 'दान' या शब्दापासून 'दान्ना' झाला. मूळ अर्थ देणारा, आज अर्थ यजमान किंवा नवरा. शरीर म्हणजे अस्थि या अर्थानें गेलेला शब्द 'शारि' होऊन आज सुशीच्या भातासही लावतात. मात्र दिसण्यावर भुलूं नये. जपानींत नांवास 'नामाए' म्हणतात. आपल्या 'नाम' शब्दाशीं त्याचें नातें जोडण्याचा मोह प्रत्येकास होतो, पण तो निव्वळ योगायोग आहे.

कान्गोंची मोठी भरती झाली ती १८६८ नंतर, मेइजी राजवटींत. पाश्चात्त्य शास्त्रांस नांवें हवीं होतीं, आणि तीं चिनी धातूंवरून घडविण्यांत आलीं. तत्त्वज्ञानास 'तेत्सुगाकु' हा शब्द निशि आमाने या पंडितानें दिला. १८७४ सालच्या त्याच्या ग्रंथांत तो आढळतो. समाजास 'शाकाइ', विज्ञानास 'कागाकु' हे शब्द त्याच काळांत रूढ झाले, आणि पुढें चीन व कोरिया या देशांनींही ते उचलले. आपल्याकडे याच्या दोन शतकें अगोदर छत्रपति शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंडितानें राज्यव्यवहारकोश रचून फारसी दरबारी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. गेल्या शतकांत सावरकरांनीं दिनांक, महापौर असे शब्द दिले, ते आतां नवे आहेत हेंही आपण विसरलों. शब्द टांकसाळींतून निघाला म्हणून खोटा ठरत नाहीं, चालला म्हणजे झालें. कोशकारांचेंही साम्य पाहण्यासारखें आहे. आपला मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. जपानचा तसा कोश हेपबर्न नांवाच्या अमेरिकन मिशनरी डॉक्टरानें १८६७ सालीं प्रसिद्ध केला. एकेक शब्द गोळा करणारी ही माणसें पाहिलीं म्हणजे आपल्या पन्नास शब्दांच्या यादीची लाज वाटते.

भारदस्त शब्दाचें वजन किती असूं शकतें याचें एक उदाहरण इतिहासांत आहे. १९४५ च्या जुलै महिन्यांत दोस्त राष्ट्रांनीं जपानला शरण येण्याविषयीं पोट्सडॅमहून जाहीरनामा पाठविला. पंतप्रधान सुझुकी यांनीं २८ जुलै रोजीं वार्ताहरांपुढें 'मोकुसात्सु' हा शब्द वापरला. 'मोकु' म्हणजे मौन, 'सात्सु' म्हणजे मारणें, मौनानें मारणें. त्याचा अर्थ 'तूर्त कांहीं बोलावयाचें नाहीं' येथपासून 'तुच्छ मानून दुर्लक्ष करणें' येथपर्यंत कोठेंही ओढतां येतो. बाहेर तो धिक्कार म्हणूनच गेला, आणि ६ ऑगस्टला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. शब्द दुसरा वापरला असता अगर भाषांतर दुसरें झालें असतें तर पुढचें टळलें असतें कीं काय, यावर इतिहासकारांचें एकमत नाहीं. माझा स्वतःचा कल टळलें नसतें असाच आहे. परंतु जे लोक दुभाष्याचें काम करतात त्यांच्यापैकीं कोणी तो शब्द विसरलेला मीं पाहिला नाहीं.

येथवर जें सांगितलें तें पुस्तकाच्या जोरावर साधतें. यापुढील भाग पुस्तकानें साधत नाहीं, आणि तो मी एका फजितीनें शिकलों.

नोकरीच्या पहिल्या वर्षींची गोष्ट. परीक्षेची दुसरी पायरी मीं नुकतीच चढली होती व त्याचा थोडा ताठाही होता. एके दिवशीं तोक्योहून दूरध्वनि आला. आमच्या साहेबांशीं बोलावयाचें होतें. साहेब जागेवर नव्हते. साहेब वडीलधारे, म्हणून 'साहेब आतां येथें नाहींत' हें मीं माझ्याजवळील सर्वांत आदराच्या क्रियापदानें सांगितलें: 'इराश्शाइमासेन्'. नांवापुढें 'सान्' लावण्यासही विसरलों नाहीं. पलीकडे क्षणभर शांतता पसरली, आणि मग फार सौम्य आवाजांत 'बरें, पुन्हां करतों' असें उत्तर आलें. संध्याकाळीं कचेरींतील एका वयस्क जपानी बाईंनीं मला बाजूस बोलाविलें. त्या म्हणाल्या, "साहेब तुम्हांस मोठे, हें खरें. पण दूरध्वनि करणारे परके होते. परक्यापुढें आपल्या माणसास उंच बसविलें, म्हणजे पाहुण्यास खालीं बसविलें." तेथें 'ओरिमासेन्' हें नम्रतेचें क्रियापद हवें होतें, आणि साहेबांचें नुसतें आडनांव, 'सान्' न लावतां. दुसऱ्या दिवशीं तें म्हणून पाहण्याचा मीं प्रयत्न केला. शब्द सोपा होता, जीभ वळेना. पुढें महिनाभर माझ्या मेजावरील दूरध्वनि दुसऱ्या मुलाकडे देण्यांत आला होता.

हें मराठी मुलासच विशेष जड जातें, याचें कारण आपल्या घरांत आहे. 'वडील बाहेर गेले आहेत' हें वाक्य आपण पोस्टमनास सांगतों, शेजाऱ्यास सांगतों, आणि प्रत्यक्ष कलेक्टर दारांत आले तरी त्यांसही तसेंच सांगतों. ऐकणारा कोणीही असो, वडिलांचा आदर ढळत नाहीं. जपानींत आदर माणसास चिकटलेला नसतो. बोलणारा, ऐकणारा व ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो, या तिघांत कोण आंतला व कोण बाहेरचा यावर तो ठरतो. वडिलांस हाक मारतांना 'ओतोऽसान्', दुसऱ्याच्या वडिलांसही 'ओतोऽसान्', पण परक्याजवळ आपल्या वडिलांचा उल्लेख 'चिचि' असा साधा. यांत वडिलांचा अनादर नाहीं. घरचें माणूस घरच्यासारखें ठेवून पाहुण्यास पाट द्यावयाचा, एवढाच भाव आहे.

म्हणून तेथें एकेका क्रियेस तीन तीन शब्द असतात. खाणें हें 'ताबेरु'; आपण खातां तें 'मेशिआगारु'; मी खातों तें 'इतादाकु', म्हणजे मस्तकीं धरून घेतों. सांगणें हें 'इउ'. आपण सांगतां तें 'ओश्शारु'. मी सांगतों तें 'मोऽसु'. पहिल्या प्रकारच्या आदरास 'सोन्केइगो', स्वतःकडे लहानपण घेण्यास 'केन्जोऽगो', आणि ऐकणाऱ्याशीं सभ्यपणें बोलण्यास 'तेइनेइगो' म्हणतात. २००७ सालीं सरकारी सल्लागार मंडळानें याचे तीनांऐवजीं पांच वर्ग केले, पण आरंभीं तीन पुरेत. आपणही इतके कोरडे नाहीं. राजे निजत नाहींत, पहुडतात. दिवा विझवीत नाहींत, मालवितात. निघतांना 'जातों' म्हणूं नये, 'येतों' म्हणावें, असें प्रत्येक आजी सांगते. आणि जपानी मूल शाळेंत निघतांना 'इत्ते किमासु' म्हणतें, त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतों' असाच आहे.

प्रावीण्यपरीक्षेंत उत्तराच्या पर्यायांवर खूण करावयाची असते. बोलावयाचें अगर लिहावयाचें कांहीं नसतें. म्हणून पहिली पायरी चढलेला मुलगाही दूरध्वनि वाजतांच घाबरतो, यांत आश्चर्य नाहीं. पालकांनीं प्रमाणपत्र पाहून समाधान मानावें, पण मुलगा कोणाशीं बोलतो हेंही विचारावें.

पत्रव्यवहारांत हाच नियम आणखी बारीक होतो. वर 'किशा' म्हणजे आपली कंपनी असें सांगितलें. पण तो शब्द कागदावरचा. समोरासमोर बोलतांना 'ओन्शा' म्हणावयाचें, नाहींतर त्या चार किशांची गर्दी होते. स्वतःच्या कंपनीस 'हेइशा' म्हणावयाचें. त्यांतील 'हेइ' चा अर्थ फाटकें, जीर्ण. काचेच्या दहा मजल्यांत बसूनही पत्रांत 'आमची मोडकी कंपनी' असेंच लिहितात. पत्राचा आरंभ 'हाइकेइ' या शब्दानें, शेवट 'केइगु' या शब्दानें. या 'हाइ' चा अर्थ वंदन. तेवढा एक ध्यानांत ठेवला, कीं वंदन करून पाहणें तें 'हाइकेन्', वंदन करून वाचणें तें 'हाइदोकु', वंदन करून ऐकणें तें 'हाइचोऽ', वंदन करून उसनें घेणें तें 'हाइशाकु' अशी सबंध रांग हातीं येते. आणि समोरून 'केन्तोऽ करूं', म्हणजे 'विचार करूं', असें उत्तर आलें तर फार आशा धरूं नये. आपल्या कचेऱ्यांतील 'प्रकरण विचाराधीन आहे' या वाक्याचा तो सख्खा भाऊ आहे.

शिकावें कसें, असें विचाराल तर माझी रीत साधी आहे. यादीची वही मीं टाकून दिली आणि कुळांची वही केली. एका पानावर एक मूळ. 'सुइ' च्या पानावर पाण्याचे सारे शब्द, 'हाइ' च्या पानावर वंदनाचे. प्रत्येक शब्दाशेजारीं तो ज्या वाक्यांत भेटला तें वाक्य, आणि त्याच्याखालीं मराठींत तोच भाव कोण कोणास कसा सांगेल तें. ही शेवटची ओळ लिहावयास सर्वांत वेळ लागतो, आणि तीच टिकते. जपानी शाळेंतील मुलें पहिल्या सहा इयत्तांत १,०२६ कान्जि शिकतात, आणि नित्योपयोगी म्हणून ठरविलेल्या कान्जि २,१३६ आहेत; वर्षाकाठीं किती हा हिशेब ज्याचा त्यानें करावा. ज्यांस पद्धतशीर शिक्षण हवें त्यांस पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्यें व टिळक महाराष्ट्र विद्यापीठांत जपानीचे अभ्यासक्रम आहेत.

माझ्या वहींत एका शब्दाची मराठी ओळ पुष्कळ दिवस कोरी होती. जपानी कचेरींत दूरध्वनि उचलतांच, पलीकडचा माणूस जन्मांत भेटलेला नसला तरी, 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' असें म्हणतात. शब्दशः अर्थ, आम्ही आपल्या देखभालींत आहों. 'नमस्कार' लिहावें तर त्यांत ऋण येत नाहीं. 'आभारी आहों' लिहावें तर अजून झालें काय म्हणून आभार? शेवटीं दिवाळींत घराची झाडलोट करतांना आजोबांची पत्रांची पेटी निघाली. भाताच्या व्यापाऱ्यास, मामलेदारास, सोयऱ्यास, कोणास ना कोणास लिहिलेल्या पत्रांच्या नकला त्यांनीं जपून ठेवल्या होत्या. आणि त्यांतील बहुतेक पत्रांच्या तळाशीं, सहीच्या वर, एकच ओळ होती. तीच मीं वहींत उतरून घेतली: कळावें, लोभ असावा.